नकाशाचे मोल

घराची पायाभरणी ठरली की धर्मगुरूला बोलावणे येते. घर पूर्ण होऊन रंग लागला, दारावर क्रूस बसला की आशीर्वादासाठी पुन्हा बोलावणे येते. या दोन मंगल प्रसंगांच्या मधल्या काळात जे घडते ते मात्र धर्मगुरूच्या कानावर बहुधा तक्रारीच्या रूपानेच पडते. गवंड्याने काम अर्धवट टाकले, भावाने कुंपण हातभर पुढे सरकवले, कर्जाचा हप्ता अडला, अशा त्या तक्रारी असतात. अलीकडे त्यांत एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. घराचा नकाशा करणाऱ्याला मोबदला किती द्यावा आणि त्याने किती मागावा, हा तो विषय.

"फादर, चार रेघा मारल्या आणि चाळीस हजार मागतो," असे घरमालक सांगतो. "फादर, गवंड्याला संध्याकाळी रोख मजुरी मिळते, मला मात्र 'तू आपलाच ना' एवढेच ऐकवतात," असे तरुण आर्किटेक्ट सांगतो. दोघेही आपल्याच धर्मग्रामातले असतात आणि पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात. एकाने निवृत्तीच्या वेळी मिळालेली पुंजी घरात घातलेली असते. आयुष्यात तो एकदाच घर बांधणार असतो. त्याला प्रत्येक हजार रुपयांचा हिशेब ठेवावा लागतो. दुसऱ्याच्या आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून त्याला पाच वर्षांचे शिक्षण दिलेले असते. या दोन प्रामाणिक माणसांत वैर निर्माण व्हावे आणि शांतीचिन्हाच्या वेळी त्यांनी एकमेकांकडे पाठ फिरवावी, ही गोष्ट मनाला लागते.

"आमच्या आजोबांनी कुठे नकाशा काढला होता?" असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यात तथ्य आहे. आपल्या वसईच्या पट्ट्यातील जुनी कौलारू घरे कागदावाचून उभी राहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली. परंतु त्या घरांना नकाशा नव्हता असे नाही. तो गवंड्याच्या आणि सुताराच्या डोक्यात होता. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि वर माळा ही घडण ठरलेली होती. चुकायला फारशी जागा नव्हती आणि भोवती मोकळी वाडी असल्यामुळे चूक झाली तरी ती सोसली जात होती. आज त्याच जागेत तीन भावांचे तीन वाटे झाले आहेत. सळयांचे आणि काँक्रीटचे मजले चढवायचे आहेत. विहीर एका बाजूला, सेप्टिक टँक दुसऱ्या बाजूला, मधून शेजाऱ्याची वाट आणि समोर रस्त्याची रेषा. हे सारे अडीच-तीन गुंठ्यांत बसवायचे म्हणजे विचार करावा लागतो, आणि विचार करणे हेदेखील काम आहे.

लहान घराला विचार कमी लागतो, हा समज तर घातकच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. ती घरे उंच इमारती नव्हत्या. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड धाबे, अशी ती साधी घरे होती. त्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारे काही नव्हते. जाणत्या माणसाचा सल्ला मोठ्या इमारतीपर्यंत पोहोचतो आणि लहान घरापाशी येऊन थांबतो, ही आपल्या समाजाची जुनी उणीव आहे.

मग त्या 'चार रेघां'त काय असते? जागेची मोजणी, कुटुंबाशी बोलणी, दोन-तीन कच्चे आराखडे, परवानगीसाठीचा नकाशा, आणि त्यानंतर कामगाराच्या हाती द्यायचे नकाशे. पाया किती खोल, जोते किती उंच, जिन्याच्या पायऱ्या किती, खिडकीवरील छज्जा किती पुढे, पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ कोठून कसे, हे सर्व त्यांत दाखवावे लागते. खांब, तुळया आणि सळया यांचा हिशेब बहुधा वेगळा अभियंता करतो आणि त्याचा मोबदलाही वेगळा असतो. शेवटी प्रत्यक्ष जागेवरच्या फेऱ्या येतात. परवानगीचा कागद म्हणजे घराचा नकाशा नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माझ्या पाहण्यातील एका कुटुंबाने केवळ परवानगीपुरते नकाशे घेतले आणि पुढचे सारे कंत्राटदारावर सोपवले. जिना चढताना डोके तुळईला आपटते, हे स्लॅब पडल्यावर कळले. तो भाग फोडून पुन्हा घालण्यास जो खर्च आला त्यात पुढचे सर्व नकाशे दोन वेळा झाले असते. त्या घरातील वृद्ध आई मला म्हणाली, "फादर, वाचवलेले पैसे सिमेंटातच गेले." याहून नेमके सांगणे कठीण आहे.

मोबदला ठरवण्याची रूढ पद्धत टक्केवारीची. बांधकामाच्या खर्चाच्या शेकडा इतके, असा तो हिशेब असतो. इंग्लंडात अठराव्या शतकातच शेकडा पाचाचा रिवाज रुळला होता. आपल्याकडे १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यान्वये स्थापन झालेल्या परिषदेनेही कामाच्या प्रकारानुसार टक्केवारीची दरपत्रके काढली. मोठ्या कामाला ही पद्धत बरी पडते. लहान कामाला मात्र ती दोन्हीकडून अन्यायाची ठरते.

साधा हिशेब करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. समजा, एका घराला चौदा लाख रुपये खर्च येणार आहे आणि मोबदला शेकडा तीन ठरला. म्हणजे बेचाळीस हजार रुपये झाले. वर सांगितलेले सारे काम नीट करायचे तर शंभर तास तरी जावेत. म्हणजे तासाला चारशे वीस रुपये. आता त्या आर्किटेक्टच्या कार्यालयाचे भाडे, नकाशे काढणाऱ्या साहाय्यकाचा पगार, संगणक आणि प्रवास यांचे महिन्याला चाळीस हजार, आणि त्याच्या स्वतःच्या संसाराचे साठ हजार, असे एक लाख धरा. महिन्यात ज्यांचे पैसे मिळतील असे तास एकशेवीसच्या वर जात नाहीत. उरलेले कचेऱ्यांच्या पायऱ्या चढण्यात आणि न मिळालेल्या कामांच्या बोलण्यात जातात. म्हणजे त्याच्या एका तासाला सुमारे आठशे तीस रुपये पडतात. चारशे वीसमध्ये तो निम्म्या तोट्यात काम करतो. दुसरीकडे सात मजली इमारतीचा बारा कोटींचा खर्च आणि शेकडा दोन मोबदला धरला तर चोवीस लाख होतात. तिथे काम पुष्कळ असते हे खरे, परंतु एकाच मजल्याचा नकाशा सातदा उपयोगी पडतो. लहान घरात प्रत्येक कोपरा नव्याने सोडवावा लागतो. परिषदेच्या दरपत्रकांतही स्वतंत्र घराची टक्केवारी मोठ्या गृहप्रकल्पांपेक्षा अधिक ठेवलेली होती, ती याच कारणाने.

टक्केवारीचा दुसरा दोष नैतिक आहे. आर्किटेक्टने आणखी दोन दिवस डोके चालवून घरमालकाचे एक लाख वाचवले, तर शेकडा तीनच्या हिशेबाने त्याचे स्वतःचे तीन हजार कमी होतात. काटकसरीबद्दल दंड आणि उधळपट्टीबद्दल बक्षीस, अशी ही रचना झाली. पुष्कळ आर्किटेक्ट या मोहाला बळी पडत नाहीत, हे त्यांचे मोठेपण. परंतु माणसाला रोज मोहात लोटणारी व्यवस्था शहाणपणाची म्हणता येत नाही.

मग सरकारने किंवा व्यवसायसंस्थेनेच पक्का दर का ठरवून देऊ नये? हा प्रयत्न अनेक देशांत झाला आणि मागे पडला. ग्राहकाला निवड राहत नाही, या कारणास्तव अमेरिकेत १९७२ साली आर्किटेक्टांच्या संस्थेला दरांवरील स्पर्धेची बंदी सोडावी लागली. ब्रिटनमध्ये बंधनकारक दरपत्रक १९८२ साली केवळ शिफारशीचे झाले. किमान दरांची शिफारस केली म्हणून बेल्जियमच्या आर्किटेक्ट संस्थेला युरोपीय आयोगाने २००४ साली दंड केला. जर्मनीतील बंधनकारक किमान आणि कमाल दर २०१९ साली युरोपीय न्यायालयाने नियमबाह्य ठरवले. जगाचा कल दोघांनी आपसांत ठरवावे याकडे आहे. परंतु कायदा जिथून मागे सरतो तिथे सदसद्विवेकबुद्धीला पुढे यावे लागते, आणि म्हणूनच हा विषय मी या पानांवर आणला आहे.

ज्ञानाचा मोबदला घ्यावा की नाही, हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. न्यायाधीशाने न्याय विकू नये आणि साक्षीदाराने साक्ष विकू नये. परंतु वकिलाने प्रामाणिक वकिलीचा आणि कायदेपंडिताने योग्य सल्ल्याचा मोबदला घेणे न्याय्य आहे, असे संत अगस्तीन यांनी एका पत्रात लिहून ठेवले आहे. संत थॉमस अॅक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच धागा पुढे नेला. वकील आणि वैद्य यांना मोबदला घेण्याचा अधिकार आहे, मात्र त्यांनी चार गोष्टी पाहून तो मर्यादेत घ्यावा, असे ते सांगतात. त्या चार गोष्टी म्हणजे समोरच्या व्यक्तीची परिस्थिती, कामाचे स्वरूप, लागलेले श्रम आणि त्या देशाचा रिवाज. किमतीविषयी लिहिताना त्यांनी आणखी एक मार्मिक विचार मांडला आहे. घेणाऱ्याची गरज मोठी आहे एवढ्याच कारणाने विकणाऱ्याने किंमत वाढवू नये, कारण ती गरज काही विकणाऱ्याच्या मालकीची नव्हे. पावसाळ्यापूर्वी छप्पर घालायचेच आहे, परवानगी अडली आहे, म्हणून सहीची किंमत दुप्पट करणाऱ्याने हे वाक्य मनात ठेवावे.

आणि घरमालकाने? त्याने पोप लिओ तेरावे यांचे १८९१ चे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक आठवावे. कामगाराने मजुरी मान्य केली एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही. त्याला मिताहाराने का होईना, जगता आले पाहिजे, असे त्यात बजावले आहे. ते गिरणी-कारखान्यांतील मजुरांना उद्देशून लिहिले गेले. परंतु पहिले काम हातचे जाऊ नये म्हणून वीस हजारांना 'हो' म्हणणाऱ्या तरुण आर्किटेक्टलाही ते लागू पडते. पोट न भरणारा मोबदला शेवटी कोणीतरी भरून काढतोच. एक तर जागेवरच्या फेऱ्या कमी होतात, नाही तर लाद्या, नळ आणि रंग विकणाऱ्यांकडून पाकीट येते. आर्किटेक्टने कंत्राटदार किंवा विक्रेते यांच्याकडून दलाली घेऊ नये, असे १९८९ च्या व्यावसायिक आचारनियमांत आहे. नियम आहे तो योग्यच आहे. पण ज्याने समोरून पुरेसे दिले त्यालाच 'मागून घेऊ नकोस' असे ठामपणे म्हणण्याचा अधिकार पोहोचतो.

तेव्हा करावे काय? या विषयातील जाणत्यांशी बोलून आणि काही घरांचे व्यवहार जवळून पाहून जे पटले ते मांडतो.

लहान कामाला टक्केवारीऐवजी टप्प्याटप्प्याने ठरावीक रक्कम बांधून घ्यावी. पहिला टप्पा सल्ल्याचा असावा. जागा पाहणे, अपेक्षा ऐकणे आणि अंदाजे खर्च सांगणे याचे अल्प पण स्वतंत्र पैसे द्यावेत. पुष्कळदा याच टप्प्यावर शहाणपणाचे उत्तर मिळते की नवे घर नको, जुन्याचीच डागडुजी पुरेल. टक्केवारीवर जगणाऱ्याला हे उत्तर देणे जड जाते. दुसरा टप्पा आराखड्याचा आणि परवानगीचा, तिसरा कामगारासाठीच्या नकाशांचा, चौथा जागेवरच्या फेऱ्यांचा. प्रत्येक टप्प्याचे काम झाले की त्याचे पैसे द्यावेत, म्हणजे कोणाचेही फार अडकत नाही. मधेच काम थांबले तर झालेल्या टप्प्यापर्यंतचा हिशेब करून दोघे मोकळे होतात.

पैसे कमी असतील तर दर पाडू नये, काम कमी करावे. वरच्या उदाहरणात शंभर तासांचे त्र्याऐंशी हजार झेपत नसतील, तर साठ तासांत मावेल एवढेच काम मागावे. मोबदला पन्नास हजारांवर येईल. लाकडी कपाटे, सजावट आणि कुंपण यांचे नकाशे सोडून द्यावेत. मात्र पाया खणल्यावरची आणि स्लॅबच्या सळया बांधल्यावरची फेरी कधीही कापू नये. अशा रीतीने गरीब घरालाही खरे मार्गदर्शन मिळते आणि मार्गदर्शकाच्या श्रमाचाही अपमान होत नाही.

हे सारे एका कागदावर लिहावे. किती फेऱ्या, किती वेळा बदल मोफत, अभियंत्याचे पैसे यात की वेगळे, कर धरून की वगळून, सरकारी शुल्क कोणी भरायचे, एवढे लिहिले तरी निम्मी भांडणे टळतील. आपल्या माणसांत लिखापढी कशाला, असे म्हणू नये. आपल्या माणसांतच ती हवी, कारण परक्याशी बिनसले तर पैसे जातात आणि आपल्याशी बिनसले तर नातेही जाते. राज्यात २०२० साली आलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीने लहान भूखंडांवरील परवानगीची रीत सोपी केली. त्याबरोबर नकाशावर सही करणाऱ्याची जबाबदारीही वाढली. म्हणून काम न पाहता फक्त सही-शिक्का विकत घेणे आणि विकणे या दोन्ही गोष्टी पाप मानाव्यात, असे मी विचारपूर्वक म्हणतो.

ज्यांना पन्नास हजारही झेपत नाहीत त्यांचे काय? येथे लॉरी बेकर यांचे स्मरण होते. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा क्वेकर पंथाचा आर्किटेक्ट कुष्ठरुग्णांच्या सेवेच्या निमित्ताने भारतात आला आणि पुढे केरळात स्थिरावला. तिरुवनंतपुरमचे लॉयोला चॅपेल त्यांनी बांधले, तसेच पूंथुरा येथील कोळी बांधवांची घरेही बांधली. गरिबाच्या घराला त्यांनी कधी 'लहान काम' मानले नाही. मात्र बेकर यांनी जे दिले ते स्वतःहून दिले. घासाघीस करून कोणी ते त्यांच्याकडून काढून घेतले नाही. दया ही देणाऱ्याची असते. 'तू ख्रिस्ती आहेस ना, मग कमी घे' असे म्हणून जी घेतली जाते ती दया नव्हे, ती सक्ती होय.

आर्किटेक्टांचा आश्रयदाता संत म्हणून ख्रिस्तसभा प्रेषित थॉमस यांना मानते. 'थॉमसची कृत्ये' या जुन्या, पवित्र शास्त्रात समाविष्ट नसलेल्या ग्रंथात एक कथा आहे. भारतातील गोंडोफरस राजाने राजवाडा बांधण्यासाठी थॉमसला धन दिले. थॉमसने ते गरिबांना वाटून टाकले आणि राजवाडा स्वर्गात उभा राहिला. हा प्रयोग आमच्या आर्किटेक्टांनी ग्राहकांच्या पैशावर करू नये, हे सांगायला नकोच! पण या कथेत राजाचे धन गरिबांच्या उपयोगी पडले, हे ध्यानात घ्यावे. ज्याची ऐपत आहे त्याने पूर्ण मोबदला द्यावा, म्हणजे आर्किटेक्टला वर्षातून एखादे घर मोफत करून देण्याचे बळ येते. धर्मग्रामातील संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या मंडळांनी गरीब कुटुंबाला पत्रे आणि सिमेंट देताना नकाशाचा खर्चही मदतीत धरावा. आर्किटेक्टनेही मोफत काम केले तर कागदावर पूर्ण रक्कम लिहून त्यापुढे 'देणगी' असे लिहावे. घेणाऱ्याला कळावे की आपल्याला काय मिळाले. आणि पुढच्या कुटुंबाने त्या शून्यालाच दर समजू नये.

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, नाहीतर पाया घालून काम अडते आणि लोक हसतात. प्रभू स्वतः सुताराच्या घरी वाढला. नाझरेथच्या त्या कार्यशाळेत कामाचा दर ठरताना त्याने नक्कीच ऐकला असेल आणि योसेफाला पैसे उशिरा मिळाल्याचेही पाहिले असेल. येत्या सुगीनंतर आपल्या धर्मग्रामात पुन्हा पाये खणले जातील. विटा, रेती, सळया आणि मजुरी यांचा हिशेब मांडताना, घर कोठे व कसे उभे राहावे याचा विचार करणाऱ्याचे नावही त्या यादीत सर्वांत वर लिहा. त्यानेही आपला आकडा लिहिताना समोरच्या कुटुंबाची पुंजी डोळ्यांसमोर ठेवावी. अशा व्यवहारातून उभ्या राहिलेल्या घराला आशीर्वाद देताना धर्मगुरूलाही आनंद होईल.